आधी डोळ्यांनी पाहा, मग फोटो काढा

रविवारी सकाळी मुंबईच्या फोर्ट भागात गाइडसोबत ‘फोटोवॉक’ला निघालेले गट दिसतात. हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या, काळा घोडा... दोन तास कसे सरतात, कळत नाही. घरी आल्यावर मोबाइलमध्ये दोनशे फोटो असतात. पण पाहिले काय, ते नीटसे आठवत नाही. असे का होते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांचा याविषयीचा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रहालयातील ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी लक्षात राहिल्या. मात्र, झूम करून वस्तूचा एखादाच भाग टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही.

म्हणून गाइड बोलत असताना कॅमेरा खाली ठेवा. आधी इमारत पाहा, मग एखादी कमान किंवा जाळी निवडून टिपा. जड कॅमेऱ्याचा पट्टा मानेत न अडकवता खांद्यावरून तिरका घ्या. फोटोच्या नादात मागे सरकताना रस्त्यावर जाऊ नका. आणि हो, या थांबत-थांबत फिरण्याला व्यायाम समजू नका. आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालणे हवेच.