ईएसएलचं प्रमाणपत्र: इंग्रजी चांगलं असलं की झालं?

२०१५च्या मे महिन्यापासून अमेरिकेत एच-४ व्हिसावर असलेल्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळू लागली. ज्यांच्या घरातल्या एच-१बी धारकाचं ग्रीन कार्डचं प्रकरण ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं होतं, अशांनाच. पण तेवढ्यानेही डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांतलं वातावरण बदललं. भारतात शाळेत शिकवलेल्या कितीतरी जणींनी कपाटातली बीएडची गुणपत्रिका बाहेर काढली. आणि तेव्हापासून हळदीकुंकवात, मंडळाच्या कार्यक्रमात, मुलांच्या वाढदिवसात एक सल्ला फिरतो आहे: ‘तुझं इंग्लिश चांगलं आहे ना, मग ईएसएलचं सर्टिफिकेट घेऊन टाक. लगेच शाळेत घेतील.’

सल्ला देणारीचा हेतू चांगला असतो. पण त्या दोन वाक्यांत निदान तीन चुका आहेत.

पहिली चूक प्रमाणपत्राच्या स्वरूपाबद्दलची. ईएसएल म्हणजे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या आणि शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठीचं अध्यापन. अमेरिकेच्या सरकारी शाळांत अशी सुमारे ५३ लाख मुलं आहेत, म्हणजे दर दहा मुलांमागे एकाहून थोडी जास्त, आणि त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश घरी स्पॅनिश बोलतात. त्यांना शिकवण्यासाठीचं प्रमाणपत्र बहुतेक राज्यांत पूरक स्वरूपाचं असतं. टेक्सासमध्ये तर त्याचं नावच सप्लिमेंटल. गाडी चालवायचा परवानाच नसेल, तर जड वाहनाचा शिक्का मारायचा कशावर? तसंच हे. आधी मूळ लायसन्स हवं: प्राथमिकचं, गणिताचं, विज्ञानाचं, कशाचंही. टेक्सासमध्ये त्यासाठी पदवी लागते, राज्याने मान्य केलेला शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रम लागतो, विषयाची आणि अध्यापनाची परीक्षा लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात. भारतातल्या पदव्यांचं मूल्यांकन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. तीन वर्षांचं बीए आणि त्यावरचं बीएड मिळून अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीइतकं भरतं की नाही, ते त्या अहवालावर ठरतं. म्हणून सगळ्यात आधी हे मूल्यांकन करून घ्यावं, क्लासची फी भरण्याच्याही आधी.

एकदा मूळ लायसन्स हातात आलं, की गंमत अशी की पुढचं पाऊल लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं आहे. ‘ईएसएलसाठी पुन्हा दोन वर्षं कॉलेज’ हा उलट्या बाजूचा गैरसमज. टेक्सासमध्ये पूर्ण लायसन्स असलेल्या शिक्षकाला वेगळा अभ्यासक्रम करावा लागत नाही. १५४ क्रमांकाची परीक्षा द्यायची: ८० बहुपर्यायी प्रश्न, पाच तासांची बैठक, ३०० पैकी २४० गुण मिळाले की उत्तीर्ण. मग राज्याकडे ऑनलाइन अर्ज. नापास झालात तर पुन्हा बसता येतं, पण पहिला प्रयत्न धरून एकूण पाचच संधी, म्हणून ‘एकदा बघून तरी येते’ अशा हिशेबाने जाऊ नये.

सगळीकडे असं नाही. फ्लॉरिडात १९९० साली न्यायालयापुढे एक समझोता झाला आणि त्यातून तिथली पद्धत आली. इंग्रजी भाषा आणि वाचन शिकवणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात अशी मुलं असतील तर त्याला ३०० तासांचं प्रशिक्षण, गणित-विज्ञान-समाजशास्त्र शिकवणाऱ्याला ६० तास, उरलेल्यांना १८. इलिनॉयमध्ये १८ क्रेडिट तासांचा अभ्यासक्रम आणि प्रत्यक्ष वर्गातला १०० तासांचा अनुभव मागतात. कॅलिफोर्नियात आता ही तयारी मूळ लायसन्सच्या प्रशिक्षणातच घातलेली असते. राज्याराज्यांत परस्पर मान्यतेचे करार आहेत, पण आपोआप काहीच होत नाही. प्रत्येक राज्य आपल्या अटी लावून मगच कागद देतं. नवऱ्याची बदली झाली आणि सामानाबरोबर प्रमाणपत्रही नव्या राज्यात लागू झालं, असं होत नाही. टेक्सासमधल्या प्लेनोच्या मैत्रिणीचा सल्ला शिकागोत चालत नाही, तो याच कारणाने.

दुसरी चूक जास्त खोल आहे: ‘इंग्लिश चांगलं असलं की पुरे.’

टेक्सासच्या त्या परीक्षेत तुमचं इंग्रजी किती छान आहे, हे तपासत नाहीत. ते गृहीत धरलेलं असतं. सुमारे एक चतुर्थांश प्रश्न भाषेची रचना आणि मूल दुसरी भाषा कशी शिकतं यावर असतात. जवळजवळ निम्मे प्रश्न शिकवण्याच्या आणि मूल्यमापनाच्या पद्धतींवर. उरलेले कायदा, कार्यक्रमांचे प्रकार, कुटुंब आणि संस्कृती यांवर. आयुष्यभर इंग्रजी माध्यमात शिकलेली, व्याकरणात कधी न चुकलेली बाई इथे अडखळू शकते, कारण प्रश्न साधारण असा असतो: वर्गातलं एक मूल असं असं बोललं, तर ते कोणत्या पायरीवर आहे आणि तुम्ही उद्या काय कराल?

एक उदाहरण घेऊ. ‘टेन लेस दॅन एक्स’ याचं समीकरण मांडा, असं सांगितलं की इंग्रजी शिकणारी पुष्कळ मुलं १० वजा क्ष लिहितात. उत्तर चुकलं, म्हणून शिक्षक पुन्हा वजाबाकी शिकवायला घेतो. पण मुलाला वजाबाकी येते. इंग्रजीत शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने त्याने चिन्हं मांडली. मराठीत आपण ‘क्षपेक्षा १० ने कमी’ म्हणतो, क्ष आधी येतो, म्हणून तेच मूल मराठीत बरोबर लिहील. चूक गणिताची नाही, वाक्यरचनेची आहे. ही ओळखता येणं, आणि वजाबाकीच्या आणखी वीस गणितांऐवजी तुलनेच्या वाक्यांचा सराव देणं, हे या प्रमाणपत्राचं खरं काम. इथे मराठी शिक्षिकेला एक फायदा आहे, आणि तो तिच्या इंग्रजीचा नव्हे: दुसऱ्या भाषेतून गणित शिकणं म्हणजे काय, हे तिने स्वतः कधीतरी भोगलेलं असतं.

याला जोडूनच पालकांचा आणि शाळांचाही लाडका समज: ‘मूल चार महिन्यांत फाडफाड बोलायला लागलं, आता ईएसएल कशाला?’ कॅनडातले संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. मैदानावरची, डबा खातानाची बोली साधारण दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा, म्हणजे ‘कारण द्या’, ‘तुलना करा’, ‘निष्कर्ष काढा’ ही भाषा, समवयस्क मुलांच्या बरोबरीने यायला पाच ते सात वर्षं लागतात. २००० साली केनजी हाकुटा आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही बोलण्याला जरा जास्त, तीन ते पाच, आणि शैक्षणिक इंग्रजीला चार ते सात वर्षं असं निघालं. चौथीत आलेलं मूल पाचवीत मित्रांशी विनोद करतं आणि सातवीत विज्ञानात मागे पडतं, तेव्हा ‘हा आळशी झालाय’ असं घरी म्हटलं जातं. त्याची भाषेची मुदत अजून संपलेली नसते, एवढंच. उलट टोकाला, नव्याने आलेली काही मुलं कित्येक महिने तोंडच उघडत नाहीत. ऐकत असतात, साठवत असतात. अशा मुलाला रोज उभं करून वाचायला लावणारा शिक्षक मन लावून काम करत असतो आणि नुकसान करत असतो.

‘मुलांची भाषा यायलाच हवी’ हा आणखी एक समज. ईएसएलच्या प्रमाणपत्राला दुसरी कुठलीही भाषा लागत नाही. एका वर्गात स्पॅनिश, तेलुगू, अरबी आणि व्हिएतनामी मुलं असतील, तर एका शिक्षकाने किती भाषा शिकायच्या? दोन भाषांतून शिकवण्याचं, बायलिंग्वल प्रमाणपत्र वेगळं; त्यात त्या भाषेची परीक्षा द्यावी लागते. पण टेक्सासचा एक नियम मराठी घरांपर्यंत पोचायला हवा. शाळांच्या एका डिस्ट्रिक्टमध्ये एकाच इयत्तेत एकच घरभाषा असलेली आणि इंग्रजी शिकणारी म्हणून नोंदलेली किमान वीस मुलं असतील, तर प्राथमिक वर्गांत त्या भाषेत द्विभाषिक शिक्षण देण्याची जबाबदारी येते. शिक्षक मिळाले नाहीत तर डिस्ट्रिक्ट राज्याकडे सवलत मागतं. नियमात स्पॅनिशचं नाव नाही. मराठीची वीस मुलं कधी नोंदली जातील का, हा प्रश्न शाळेपेक्षा आपल्या स्वयंपाकघरात ठरतो, त्याकडे येतोच.

या सगळ्याचं मूळ कायद्यात आहे, शाळेच्या दयाबुद्धीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे १८०० चिनी मुलांना इंग्रजीची काहीही मदत न देता वर्गात बसवलं होतं. १९७४ साली लाउ विरुद्ध निकल्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की सगळ्यांना तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असं नाही. पद्धत मात्र न्यायालयाने ठरवून दिली नाही. ते काम १९८१ च्या कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड निकालाने पुढे नेलं. हा खटला टेक्सासच्याच रेमंडव्हिलमधला. कार्यक्रम मान्य शैक्षणिक विचारावर उभा आहे का, तो राबवायला पुरेशी साधनं आणि प्रशिक्षित माणसं दिली आहेत का, आणि त्याने मुलांचा अडसर खरंच दूर होतो का, या तीन कसोट्या त्यातून आल्या. ईएसएल प्रमाणपत्राला बाजारात किंमत आहे ती मुख्यतः यातल्या दुसऱ्या कसोटीमुळे.

म्हणून १ मार्च २०२५ च्या आदेशाने इंग्रजी अमेरिकेची अधिकृत भाषा जाहीर झाली, तेव्हा ‘आता हे ईएसएल वगैरे बंद’ म्हणणाऱ्यांनी घाई केली. राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने १९६४ चा नागरी हक्क कायदा किंवा समान शैक्षणिक संधीचा १९७४ चा कायदा रद्द होत नाही. राज्यांचे स्वतःचे नियम तर वेगळेच. केंद्राकडून पैसा आणि देखरेख किती येते, यावर परिणाम होऊ शकतो. शाळेची जबाबदारी उडून जात नाही.

आता तिसरी चूक: ‘लगेच घेतील.’ आठवड्याच्या शेवटी करता येणारे टेफलचे कोर्स, किंवा त्याहून कितीतरी दर्जेदार असलेलं केंब्रिजचं सेल्टा, हे मुख्यतः प्रौढांना आणि बहुधा दुसऱ्या देशांत इंग्रजी शिकवण्यासाठी असतात. सेल्टात निदान १२० तासांचा अभ्यास आणि सहा तास प्रत्यक्ष शिकवणं असतं, शिकायला उत्तमच. पण अमेरिकेतल्या सरकारी शाळेचं लायसन्स म्हणून ते चालत नाही. पुण्या-मुंबईत ‘परदेशात शिक्षिका व्हा’ अशा जाहिराती वाचून पैसे भरणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. ‘चार्टर शाळेत लायसन्स लागतच नाही’ हेही अर्धवट ऐकलेलं. टेक्सासच्या चार्टर शाळांत पुष्कळ विषयांना ते लागत नाही हे खरं, पण विशेष शिक्षण, द्विभाषिक आणि ईएसएल यांना तिथेही लागतं. जास्तीच्या भत्त्याचं म्हणाल तर काही डिस्ट्रिक्ट देतात, काही देत नाहीत.

आणि ईएसएल शिक्षिका म्हणजे मुलांना वर्गातून बाहेर काढून कोपऱ्यातल्या खोलीत शिकवणाऱ्या बाई, हे चित्रही जुनं झालं. टेक्सासमध्ये दोन पद्धती आहेत. एकीत भाषेच्या शिक्षकाकडे हे प्रमाणपत्र असतं, दुसरीत गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सगळेच मुख्य विषय प्रमाणपत्रधारक शिक्षकांनी शिकवायचे असतात. त्यामुळे पाचवीला गणित शिकवायची इच्छा असलेल्या बाईलाही मुलाखतीत ‘ईएसएल केलंय का?’ असं विचारतात.

राहिलं आपलं स्वयंपाकघर. शाळेत नाव घालताना घरभाषेचा एक फॉर्म येतो. त्यात मराठी लिहिलं तर मूल ‘ईएसएलमध्ये टाकतील’, म्हणजे मागे टाकतील, या भीतीने कितीतरी घरांत सरळ इंग्रजी लिहितात. मग मराठीची वीस मुलं नोंदली जाणार कुठून? फॉर्मवर मराठी लिहिल्याने मूल आपोआप कुठेही जात नाही; त्यानंतर इंग्रजीची चाचणी होते, आणि ती उत्तम दिली तर विषय तिथेच संपतो. केवळ इंग्रजी कमी म्हणून मुलाला अपंगत्वाच्या वर्गवारीत घालायला केंद्राच्या कायद्याने मनाई आहे, त्यामुळे ईएसएल म्हणजे ‘स्पेशल एज्युकेशन’ हाही गोंधळच. चाचणीत गरज दिसलीच, तर निर्णय घेणाऱ्या समितीत पालकांचा प्रतिनिधी असतो आणि पालक सेवा नाकारूही शकतात. पण नाकारली तरी नोंद राहते, आणि बाहेर पडण्याचे निकष पूर्ण होईपर्यंत ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं यांची टेल्पास परीक्षा त्या मुलाला दर वर्षी द्यावीच लागते, फक्त शिकवणीशिवाय.