पश्चिमेची खिडकी आणि एसीचं बिल

परवा एका मैत्रिणीचा नवा फ्लॅट पाहिला. हॉलला पश्चिमेकडे भिंतभर काच, वर छज्जा नाही. संध्याकाळी पाचला काचेवर आतून हात टेकवत नव्हता. "डबल ग्लेझिंग करू का?" तिनं विचारलं.

घरांच्या ऊर्जा सल्ल्याचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काचेचे दोन आकडे बघायचे. यू-व्हॅल्यू म्हणजे आतबाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे काचेतून किती उष्णता जाते. साध्या काचेची साधारण ५.७, डबलची (मध्ये हवा असलेल्या दोन काचांची) २.८ च्या आसपास. थंड देशांत हाच आकडा कळीचा.

आपल्याकडे मात्र खरा त्रास थेट उन्हाचा. तो सांगणारा दुसरा आकडा म्हणजे एसएचजीसी (सोलर हीट गेन कोएफिशियंट). साध्या काचेचा ०.८ च्या आसपास, म्हणजे उन्हातली सुमारे ८०% उष्णता घरात! साधी डबल काच लावूनही बरंच ऊन आत येतंच. कमी एसएचजीसीची काच घ्या, आणि त्याआधी बाहेरून सावली करा. आतला पडदा ऊन अडवतो, पण तोवर उष्णता घरात शिरलेली असते.

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या (बीईई) २०१८ च्या 'इको निवास संहिते'त भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला प्रति चौ.मी. १५ वॉटची मर्यादा आहे (थंड प्रदेश वगळून). तिच्यात वाऱ्याचाही हिशेब आहे: दोन झडपांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची सुमारे ९०%. मुंबईसारख्या दमट हवेत मी बिजागरीचीच घेईन.

मैत्रिणीला आधी बाहेरून चिकाचे पडदे लावायला सांगितलंय.

तुमच्या खिडक्या कुठल्या दिशेला आहेत? कमेंटमध्ये सांगा, जमेल तसं उत्तर देते.