जवसाचे तेल आणि जवसाची काडी

जवसाची चटणी तुम्ही भाकरीबरोबर खाल्ली असेलच. याच झाडाच्या काडीपासून लिनन हे महागडे कापड होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. प्राचीन इजिप्तमध्ये ममी ज्या पट्ट्यांत गुंडाळत, त्या याच धाग्याच्या. जवसाला कोठे कोठे अळशीही म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव ‘लायनम युसिटाटिसिमम’, म्हणजे ‘अत्यंत उपयोगी अळशी’.

आधी तेलाकडे वळू. काचेच्या दोन पट्ट्या घ्या. एकीवर शेंगदाण्याचे आणि दुसरीवर जवसाचे तेल अगदी पातळ पसरा. दोन्हींचे वजन प्रयोगशाळेतील तराजूवर करून ठेवा आणि आठवडा-दोन आठवडे रोज पाहा. शेंगदाण्याचे तेल ओलेच राहील. जवसाच्या तेलाची मात्र चिवट साय होईल आणि तिचे वजन वाढलेले आढळेल! पाणी वाळताना उडून जाते. येथे उलट हवेतील ऑक्सिजन तेलात शिरतो. जवसाच्या तेलातील सुमारे निम्मा भाग लिनोलेनिक आम्लाचा असतो. त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. ऑक्सिजनमुळे तेथे शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि जाळे तयार होते. तैलरंग, व्हार्निश, लिनोलियम हे सारे या एका गुणावर उभे राहिले. क्रिकेटची नवी बॅट तेल लावून मुरवतात ती याच तेलाने.

एक सावधगिरी. या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेलाचे फडके दोरीवर पसरले तर ती हवेत निघून जाते. चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आतच साठते, क्रिया आणखी वेगाने होते आणि फडके आपोआप पेटू शकते. १९९१ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ३८ मजली इमारतीला आग लागली, ती अशाच चिंध्यांमुळे. तीन अग्निशामक जवान तीत दगावले. तेव्हा प्रयोगानंतर फडके पाण्यात भिजवून ठेवा.

पुढे कृत्रिम रेझिनचे रंग आले आणि रंगवाल्यांकडून जवसाला असलेली मागणी घटली. ओलिताखाली गहू, हरभरा परवडू लागला आणि जवस शेताच्या कडेला सरकला. पूर्व विदर्भात मात्र एक जुनी युक्ती टिकून आहे. धान उभे असतानाच त्यात जवसाचे बी फेकतात. धान कापून होते, तोवर खाली रोपे आलेली असतात आणि जमिनीतील उरलेल्या ओलाव्यावर पीक निघते. नांगरट नाही, पाणी नाही. याला उतेरा म्हणतात. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

मग दाणे काढल्यावर उरणाऱ्या काडीचे काय? बहुतेक ठिकाणी ती जाळतात. वास्तविक तिच्या सालीतील तंतू फार मजबूत असतो, कारण त्यातील सेल्युलोजचे रेणू लांबीच्या दिशेने ओळीने लागलेले असतात. त्याची घनता सुमारे १.५, तर काचतंतूची २.५. वजनाच्या मानाने ताठरपणा पाहिला तर हा तंतू काचतंतूशी बरोबरी करतो, म्हणून युरोपात मोटारीच्या दारांच्या आतील पत्र्यांसाठी तो प्लॅस्टिकमध्ये मिसळतात.

अडचण वेगळीच आहे. धाग्यासाठीचे जवस फ्रान्स, बेल्जियममध्ये दाट पेरतात. ते जवळजवळ मीटरभर सरळ वाढते आणि दाणे पुरते पिकण्याआधीच मुळासकट उपटतात. आपले जवस बुटके, फांद्यांचे, दाण्यांसाठी जोपासलेले. दाणा पिकेपर्यंत थांबले की तंतू राठ होतो. दोन्ही साधावे म्हणून भारतात दुहेरी उपयोगाचे वाणही काढले आहेत. त्यांचा धागा तलम लिननला कदाचित पुरणार नाही, पण दोर, कागद, जाड कापड यांना चालेल.

त्यासाठी काडी आधी कुजवावी लागते, म्हणजे जंतू सालीतील पेक्टिनचा डिंक खाऊन तंतू मोकळे करतात. तागाचेही असेच करतात. मग काडी मोडून लाकडी तुकडे झटकायचे. काडी हलकी आणि फुगीर, तिने ट्रक भरला तरी माल थोडाच. म्हणून काडी मोडण्याचे यंत्र शहरात ठेवून भागणार नाही, ते गावातच, शेतापासून बैलगाडीच्या अंतरावर लागेल.