शिक्षक व्हायचे आहे? आधी इयत्ता ठरवा

संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीने पावन झालेल्या मावळातील सुदुंबरे परिसरातून अध्यापनक्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रथम कोणत्या इयत्तांना शिकवायचे, हे ठरवावे. पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका घ्यावी, ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तेथे केवळ बी.एड. चालत नाही. माध्यमिक शाळेसाठी मात्र पदवीनंतरचे दोन वर्षांचे बी.एड. हवे. त्याकरिता खुल्या प्रवर्गास पदवी वा पदव्युत्तर परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि राज्याची सीईटी आवश्यक आहे. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही उपलब्ध आहे. आठवीपर्यंत शिकविण्यासाठी टीईटी बंधनकारक आहे. हे न पाहता प्रवेश घेतल्यास दोन वर्षे व शुल्क, दोन्ही वाया जाण्याची भीती असते.