संगणकाची कोठी

गेल्या दिवाळीच्या आधीं घरांत आवराआवर चालली असतां आमच्या संगणकाच्या पडद्यावरही जागा संपत आल्याची सूचना झळकली. चिरंजीवांनीं लागलीच नव्या यंत्राची मागणी पुढें केली. मीं मात्र जुन्यांतच जागा करण्याचें ठरविलें, आणि एका बैठकींत मोठमोठ्या फाइली पुसून टोपलीही रिकामी केली. पुढें कित्येक दिवसांनीं कळून आलें कीं, त्यांत माझ्या कै. मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या ओव्याही गेल्या! दुसरी प्रत कोठेंही नव्हती. माझ्या उतावळेपणाचा धडा इतर कुटुंबांस उपयोगीं पडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणकाची 'मेमरी' म्हणजे स्वयंपाकघरांतील ओटा, व हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. एका वेळीं किती कामें मांडतां येतील हें ओट्यावर अवलंबून. किती जिन्नस सांठवितां येतील हें कोठीवर. यंत्र मंद चालण्याचें कारण यांपैकीं कोणतें, हें पाहिल्यावांचून पैसा खर्चूं नये. विंडोज ११ ला ४ गिगाबाइट मेमरी व ६४ गिगाबाइट जागा निदान हवी, असें तिचे कर्ते सांगतात. पण हें केवळ निभावण्याचें माप आहे, सुखानें नांदण्याचें नव्हे. तसेंच वेष्टनावर २५६ गिगाबाइट छापलेलें असून यंत्र सुमारें २३८ च दाखवितें, म्हणून दुकानदारावर रागावूं नये. कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो, विंडोज १०२४ च्या!

आतां आवराआवरीविषयीं. 'सेटिंग्ज'मधील 'सिस्टिम' व त्यांतील 'स्टोरेज' उघडलें असतां कशानें किती जागा अडविली आहे तें दिसतें. तेथील तात्पुरत्या फाइली खुशाल काढाव्या. परंतु त्याच यादींत 'डाउनलोड्स' हेंही नांव असतें, त्यावर खूण करण्यापूर्वीं तो कप्पा स्वतः उघडून पाहावा. 'विंडोज' नांवाच्या कप्प्यांत हातानें कांहींएक पुसूं नये.

मुख्य नियम असा कीं, पुसण्यापूर्वीं दोन वाटे करावे: पुन्हां मिळणारें व न मिळणारें. चित्रपट, खेळ, कार्यक्रम पुन्हां मिळतात. वडिलांची पत्रें, लग्नमुंजींचीं छायाचित्रें, गेलेल्या माणसांचे आवाज मिळत नाहींत. या दुसऱ्या वाट्याच्या निदान दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं असाव्या. बाहेरच्या डिस्कवर नुसतें हलविणें म्हणजे प्रत करणें नव्हे. ती डिस्क हातांतून पडली कीं सर्वच गेलें!

नवें यंत्र कधींच घेऊं नये, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. परंतु यंत्र त्या अटींत बसत असून आंत फिरती डिस्क असेल, तर तिच्या जागीं एस्.एस्.डी. बसविल्यानें तें बरेंच चपळ होतें, आणि खर्चही थोडक्यांत आटपतो.

आमच्या घरीं तेंच केलें. ओव्यांपैकीं कांहीं आमच्या थोरल्या भगिनींस पाठ होत्या, त्या त्यांच्या आवाजांत मुद्रित करून दोन ठिकाणीं ठेविल्या आहेत. आईचा आवाज मात्र परत आला नाहीं.