माती, पाणी आणि कॅल्शियमची मध्यस्थी

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात रसायनाची भाषा पाहून वाचक कदाचित पान उलटतील. परंतु मी भूगोलाची विद्यार्थिनी आहे आणि जमिनीची धूप हा आमच्याच अभ्यासाचा विषय. म्हणून हा लेखनप्रपंच.

सरीतून पाट सोडला की पाण्याबरोबर सुपीक मातीही वाहून जाते. अमेरिकेतील आयडाहो राज्यात किंबर्ली येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात यावर एक उपाय अभ्यासला. सरीत प्रथम शिरणाऱ्या पाण्यात लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम पॉलिअ‍ॅक्रिलामाइड मिसळायचे. हा एक बहुवारिक पदार्थ. त्याचा रेणू म्हणजे लाखाच्या घरात कड्या असलेली लांबच लांब साखळी. ती मातीच्या कणांना चिकटते, कण एकमेकांना धरून राहतात आणि धूप पुष्कळ कमी होते. अशा चिकटण्याला अधिशोषण म्हणतात.

येथे एक कोडे आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो आणि या कामी वापरल्या जाणाऱ्या साखळीवरही ऋणभारच. सजातीय भार तर एकमेकांना दूर लोटतात! मग हे जमते कसे? मध्यस्थी करतो पाण्यातील कॅल्शियम. त्याच्यावर दोन धनभार असतात. जणू एका हाताने तो मातीचा कण धरतो आणि दुसऱ्या हाताने साखळी. सोडियमला हात एकच. शिवाय तो कणांना सुटे करतो. त्यामुळे माती तीच, पूड तीच, पण पाणी बदलले की फळ बदलते. अगदी क्षारविरहित पाण्यातही साखळी नीट चिकटत नाही, हे वाचून मला नवल वाटले.

मातीचा स्वभावही पाहावा लागतो. चिकणमाती जास्त असेल तर चिकटायला जागा अधिक मिळते. आम्लता वाढली की कणांच्या कडांवर धनभार येतो व साखळी सहज बसते. सेंद्रिय द्रव्य मात्र बरेचदा आड येते.

आपल्याकडे सोडियमने बिघडलेल्या जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात आणि ती सुधारण्यासाठी जिप्सम घालतात. जिप्सम देते ते कॅल्शियमच! म्हणजे ज्याच्या अभावी चोपण जमिनीचे कण विखुरतात, त्याच्याचवाचून ही महागडी पूडही वाया जाते. नांगरट झाली की पूड पुन्हा द्यावी लागते, हा खर्च वेगळाच. तेव्हा शेतकऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी माती तपासावीच. पण विहिरीचे पाणीही तपासून घ्यावे, एवढेच माझे सांगणे.