भाचेबुवांची नोटवही

‘मामा, तू मावशींना पैसे दिलेच नाहीस!’ भर भाजीबाजारात आठ वर्षांच्या भाच्याने माझी इज्जत काढली. मोबाइलवरून दिले रे, म्हटलं, तर म्हणतो, ‘मग दिसले कुठे?’

पॉइंट होता बॉस! त्याच रविवारी ठरवलं, साहेबांना नोटांचं कलेक्शन सुरू करून द्यायचं.

सुरुवात थेट खिशातून. सध्याच्या दहाच्या नोटेवर कोणार्क, वीसवर आपलं वेरूळ, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर राणी की वाव, दोनशेवर सांची आणि पाचशेवर लाल किल्ला. 880 रुपयांत भारतदर्शन, आणि पैसे कुठेही जात नाहीत!

मग हातात भिंग दिलं. मागच्या बाजूला 15 भाषांचा पट्टा, त्यातली मराठी त्याने शोधली. एक रुपयाच्या नोटेवर गव्हर्नरची नाही, वित्त सचिवांची सही असते, हे कळल्यावर तर तो सह्यांच्याच मागे लागला. डॉ. मनमोहन सिंग यांनी दोन्ही पदांवरून नोटांवर सह्या केल्यात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आपले चिंतामणराव देशमुख. त्यांची सही असलेली सहाव्या जॉर्जची नोट सध्या विशलिस्टवर आहे. तोवर नंबरात चांदणी असलेल्या नोटा शोधणं चालू आहे. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी त्या येतात. 2006 मध्ये दहा, वीस आणि पन्नासपासून ही पद्धत सुरू झाली.

घरचे नियम तीनच. लॅमिनेशन, सेलोटेप आणि स्टेपलर बंद. पीव्हीसीचे पाऊच नकोत, ते कागद खराब करतात. आणि ‘जुनी नोट द्या, लाखो कमवा’ छाप जाहिरातींना टाटा. रिझर्व्ह बँकेनेही 2021 मध्ये अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं.

हे सगळं आई लांबून बघत होती. एका संध्याकाळी तिने पोथीतून पाचशेच्या तीन जुन्या नोटा काढून नातवापुढे ठेवल्या. नोव्हेंबर 2016 मध्ये बंद झालेल्या. अडीअडचणीला म्हणून ठेवलेल्या, आणि सापडल्या तेव्हा बदलायची मुदत संपलेली. इतकी वर्षं ती कुणाला बोलली नव्हती. म्हणाली, ‘तुम्ही हसला असता.’

खरं सांगतो, मी हसलोच असतो. आणि वर लेक्चरही दिलं असतं.

भाचा हसला नाही. ‘आजी, अजून आहेत?’ एवढंच त्याने विचारलं. (2017 च्या कायद्यानुसार अशा 10 नोटांपर्यंत जवळ ठेवता येतात, तेव्हा नो टेन्शन!) पानावर त्याने चिठ्ठी लावली, ‘आजीची बचत’. हिशेबात दीड हजारांचं नुकसान. पण घरी पाहुणे आले की आई आता स्वतःच ते पान उघडून दाखवते.

तुमच्याकडेही एखादी पोथी, एखादा डबा असेलच. या रविवारी विचारून बघा. फक्त हसू नका.